बिघाड

धरणाच्या फुगवट्यावर, सावरगावच्या अंगाला,
रिसॉर्टच्या जेट्टीवर चौदा फ्लडलाइट मीच बसवले.
तोंडं पाण्याकडे. मालक म्हणाले,
पाणी दिसलं पाहिजे, पाण्याचेच तर पैसे घेतो आपण.

तिसऱ्या रात्री सखाहरी भोई होडी लावून आला.
विडी पेटवली, वर बघितलं.
"ही पुनव किती दिवसांची?"
मी म्हटलं, कायमची. मेंटेनन्स माझ्याकडे आहे.
तो हसला नाही.
पुनवेला मासा लागत नाही, जाळ्याचा धागा न् धागा दिसतो त्याला.
अवसेच्या चार-सहा रातींवर
त्याच्या घराचा महिना उभा.

मग मी बघायला लागलो.
रात्रपाळीला दुसरं काम तरी काय?

दिव्याखाली बोटाएवढी पिल्लं जमतात
लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखी,
आणि खांबावरचा रातबगळा
घाई न करता एकेक उचलतो.
झिंगा अंधार पडला की कात टाकायचा;
आता टाकायची कुठं?
बेडूक हाक घालतो, अर्धीच.
डोळ्याला न दिसणारे बारीक जीव
(सखाहरी त्यांना पाण्याचा कोंडा म्हणतो)
रात्री वर यायचे, शेवाळ खायचे. आता खालीच थांबतात.
सकाळी पाणी हिरवं, जाड. गिऱ्हाईक विचारतं, वास कसला?
वाम दगडाखालून तोंड तेवढं काढते,
उजेड चाखते,
आत जाते.

माशाला पापणी नसते, एवढं शाळेत होतं.
पुढचं नव्हतं.

परवा अवस.
शेवटचं टेबल साडेबाराला उठलं.
पॅनल बॉक्सची किल्ली माझ्याच कमरेला.
एमसीबी पाडायला एक बोट पुरतं.

आधी काहीच नाही. डोळ्यांत नुसते हिरवे डाग.
मग लांब, गंगावऱ्हेकडे, एक बेडूक.
त्याला उत्तर.
मग वल्ह्याचा आवाज, दबका, ओळखीचा.
मग पाणीच, आतून,
कुणी झोपेत कूस बदलावी तसं.

पहाटे दिवे लावून नोंदवही उघडली.
वेळ: १२.५० ते ४.४०.
बिघाड: जेट्टी फीडर.
कारण

इथं पेन थांबलं.
पायरीवर पळसाच्या पानात
कुणीतरी एक वाम ठेवून गेलं होतं.
दगडाखालचीच असेल का ती?
कल्ले अजून हलत होते.

कारण: सापडले नाही.