जंबेरीचा खुंट

उपकेंद्राच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.
त्याखाली जुनं रजिस्टर सरकवलंय,
आणि वर, लुगडं मुठीत धरून,
पंचफुला युवनाते. वय चव्वेचाळीस, लेकरं तीन,
संत्र्याच्या नर्सरीत डोळे भरते,
दिवसाला आठशे.

मी बोळा बुडवते आंबट पाण्यात.
"चायनीजच्या गाडीवानी वास येऊन रायला, सिस्टर."
एक मिनिट थांबायचं असतं.
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सातापाशी अडतो,
म्हणून मी मनात मोजते.
पन्नाशीला
गर्भाशयाच्या तोंडावर पांढरं उमटतं,
ओल्या भिंतीला चुन्याचं बोट लागावं तेवढं.

"काय हाय?"

प्रशिक्षणात पडद्यावर बाण दाखवले होते,
बाणांना इंग्रजी नावं होती.
मी विचारते, पंचफुलाबाई, तुम्ही खुंटाला काय करता?

ती छताकडं बघत सांगते:
"सालीले उलटा टी कापतो. आत डोया सरकवतो. पट्टी बांधतो.
वीस दिसानं सोडली का समजते.
काया पडला त गेला. हिरवा रायला त जमला.
मंग खुंटाचा शेंडा छाटतो,
त्याची सोताची फूट आली का खुडतो.
मुया जंबेरीच्या, पानी जंबेरी ओढते,
फय मातर संत्र्याचं."

तसंच, मी म्हणते.
आणि घाबरते, कारण ते फारच तसं आहे.

एक विषाणू असतो. त्यालाही साल थोडी फाटलेली लागते.
शंभरातले नव्वद डोळे काळे पडतात,
वर्ष दोन वर्षांत अंगच त्यांना झटकून टाकतं,
बाईला कळतही नाही कधी आले, कधी गेले.
जो राहतो त्याला घाई नसते.
कधीतरी तो पेशीच्या लिखाणात आपलं लिखाण बांधतो
आणि दोन माणसं कामाला लावतो.
एक जण, बिघडलेली रोपं उपटून फेकणारा
जो मुकादम असतो आत, त्यालाच गायब करतो.
दुसरा ठिबकचा व्हॉल्व्ह उघडून चावी घेऊन जातो.
मग वाढ. नुसती वाढ.
मुळ्या तुमच्या, पाणी तुमचं.

"किती सालं लागते याले?"
दहा. पंधरा. वीससुद्धा.
तिची बोटं पेरांवर चालतात, थांबतात.
"म्हंजे माही वनिता कडेवर होती तवा."
मग बराच वेळ काही नाही.
बाहेर कुणीतरी हापसा मारतंय.

"नर्सरीत टॅग असते," ती म्हणते,
"डोया कोन्या झाडाचा थे लिवून.
याले नाई ना?"
नाही.
"बरं हाय. घरी भांडन नाई मंग."

हा कॅन्सर नाही, मी सांगते. पांढरं आहे.
पांढऱ्यापाशी वेळ असतो.
तिच्या जावेपाशी नव्हता.
कौतिका आली तेव्हा तीन महिन्यांचं रक्त अंगावर काढून आली होती,
पाळी परत सुरू झाली म्हणून
शेजारणींनी तिची थट्टाही केली होती.
नागपूरहून ती ॲम्ब्युलन्सनं परतली, आडवी.
मी हे बोलत नाही. पंचफुलाला माहीत आहे.
म्हणून तर ती इथं आहे.

पुढच्या मंगळवारी मोठी डॉक्टरीण यंत्र घेऊन आली.
पाऊण मिनिटाचा चटका.
पंचफुलानं टेबलाची कड धरली, टेबल डगमगलं,
रजिस्टर सटकलं, आम्ही तिघी हसलो.
उतरताना तिनं विचारलं,
वनिताच्या पोरीले थे सुई कवा देता.
नववं लागलं की, डॉक्टरीण म्हणाली. अंगाला काही लागायच्या आधी.

वर्षानं तपासायला बोलावलं होतं.
ती आठ दिवस आधीच आली, हातात काळी पिशवी,
पिशवीत जंबेरीचं रोप.
आधी तपासा म्हणाली.
तपासलं. मिनिटभर मोजलं.
गुलाबी होतं, सगळं गुलाबी.

"याले डोया भरू नोका कोनाचा," ती म्हणाली.
"त्याचं त्यालेच येऊ द्या."

तेलाच्या डब्यात लावलंय, दाराशीच.
आत येणाऱ्या बायांच्या पदराला काटे ओढतात.
फळ धरलं तर आंबट असेल.