ळ

कसाई गल्लीत दस्तगीरनं मोजून दिले,
"बारा डोळे बघा मॅडम, अजून गरम हाईत."
थर्मासात बर्फ, वरून काळं फडकं,
आणि तिसऱ्या रेल्वे गेटात अडकले.
वास्कोची गाडी लेट.
मांडीवर सहा बकऱ्यांची नजर,
मागं टेम्पोवाला कन्नडात हॉर्न वाजवतोय.

लॅबमध्ये लाल दिवा, तोही मिणमिणता.
पडदा सोलायचा, सायीहून पातळ.
अंगडी सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते:
या पेशी अंधारात बोलतात.
ग्लुटामेट सांडत राहतात, न थांबता.
उजेड पडला की गप्प.
पुढची पेशी त्या गप्प होण्यावरूनच ओळखते,
काहीतरी दिसलं.
मी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला आलं नाही.

अप्पा खिळेजुळारी.
मराठीचे खण डाव्या हाताला, कन्नडचे उजव्या.
आता काचबिंदू,
पान कडेकडेनं कोरं होत चाललंय.
दिवसभर एक शब्द नाही.

काल रात्री अनगोळात लाईट गेली
आणि ते एकदम सुरू झाले.
ळ कायम कमी पडायचा म्हणे.
लग्नपत्रिकांच्या दिवसांत तर
बेळगावला पुरता पुरायचा नाही.
कन्नडच्या खणात ढीगभर पडलेले,
पण उसना कसा घेणार?
मी हूं हूं करत राहिले.

लाईट आली.
अप्पा थांबले, वाक्याच्या मध्येच.

मी उठले,
पंख्याचं समजून
दिव्याचं बटण दाबलं.

"हां, तर एकदा काय झालं,"
अंधारातून आवाज आला,
"मालक म्हणाले, घे रे, लाव तिकडचाच..."