अदखलपात्र

बोट रेषेला टेकलं नव्हतं.
एवढाच माझा गुन्हा, की मी ते पाहिलं.

फक्की मीच टाकली होती दुपारी, डालड्याच्या डब्यातून,
अडाणच्या काठी, पऱ्हाटीचं कुंपण घातलेल्या मैदानात,
दोरी धरून, कंबर मोडेपर्यंत वाकून.
चिचखेडचा चढाईवाला चार जणांच्या खालून हात लांबवत आला
आणि दोन बोटं अलीकडेच थांबला.
टेकलं असतं तर रेघ विस्कटली असती.
हॅलोजनखाली ती अख्खी होती,
दोन्ही गावांना दिसेल इतकी अख्खी.

मी शिटी वाजवली.

मग आधी खुर्ची पडली की मी, आठवत नाही.
"पंच इकत घेतला बे!" एवढं ऐकू आलं
आणि तीस-चाळीस पायांनी ती रेघ पुसली.
पुरावा असा गेला,
माझ्या चष्म्यासकट.

ठाण्यात हवालदार ठमके. भला माणूस.
पाणी दिलं, रजिस्टर उघडलं.
"गुर्जी, आज वार कोनता?"
"रविवार."
"शाळेत मारलं असतं तं बरं झालं असतं.
सरकारी नोकर, कामावर असताना, त्याले मोठं कलम लागते.
पन शिटी कोन्या खात्यात बसवू मी?"
मानधन दोनशे रुपये अन् पोह्याची प्लेट,
हेही मी सांगून पाहिलं.
त्यांनी लिहिलं: डावी बरगडी, ओठ, चष्मा.
आणि वर, सुवाच्य अक्षरात: अदखलपात्र.

सातवीला मराठी शिकवतो मी.
रात्री कुशीवर वळता येईना, तेव्हा विग्रह करत बसलो:
दखल घेण्यास पात्र नाही असा तो.
तो म्हणजे कोण?
ठमके म्हणाले होते, गुन्हा.

तिसऱ्या दिवशी तो पोट्टा आला, चढाईवाला अंकुश,
माझ्याच वर्गातून पुढे गेलेला.
दारातच उभा, चपला न काढता.
"सर, नव्हतं टेकलं."
"ठाण्यात सांगशील?"
तो आपल्या नखांकडे पाहत राहिला.
मीही पाहिलं.
नखात अजून काळी माती होती,
पांढरं काहीच नव्हतं.

बायकोनं शिटी धुऊन खिळ्याला टांगली आहे,
वर, माझा हात दुखेल इतक्या उंच.
पुढल्या रविवारी घोटीला फायनल.
फोन आला होता काल.
नाही म्हणायचं ठरवून उचलला
आणि विचारलं,
फक्की कोण टाकणार आहे?