छातीचं माप

हिडकलच्या पाण्यावर आम्ही तिघं होतो,
लुमाण्णा, मी आणि इराप्पा अंबिगेर.
काहील इराप्पाची.
गुळाचीच काहील ती, गुऱ्हाळ मोडल्यावर
भंगाराच्या भावात घेतलेली,
कडेला टायर बांधलेली.
उन्हात तापली की अजून तिला
काकवीचा वास यायचा.

मी शिंपी. संकेश्वरात बसस्टँडमागं दुकान.
सोमवारी मशीन झाकून गळ घ्यायचा,
म्हणजे हात दोऱ्यावरच.
ट्रॅक्टरची एक ट्यूब होती फुगवलेली.
बुडाला पत्रा पोळतो म्हणून
मी तिच्यावर बसलो होतो.

तीनच्या सुमाराला पाण्याचा रंग बदलला.
ढग नव्हता, काही नव्हतं,
नुसती एक काळी सुरकुती
धरणाच्या भिंतीकडून आमच्याकडं येऊलागली.
"गाळी बंतु," इराप्पा म्हणाला.
वारं आलं.
कळलं आम्हाला. कन्नड कुणाला कळत नाही इथं?
पण कळणं आणि ऐकणं
यांच्या मधी एक कटला होता,
लुमाण्णाच्या गळाला.

आठ किलोचा असेल.
चहा पिताना तो बाराचा झाला,
आता लुमाण्णा सांगतो तेव्हा पंधराच्या खाली येत नाही.
"आलाय बघ! आलाय!"
आणि लुमाण्णा उभा राहिला.

काहिलीत उभं राहायचं नसतं.
तिला नाक नाही, शेपूट नाही,
कुठल्या बाजूनं सांडायचं
हे ती आधी सांगत नाही.
पाणी आत आलं तेही ओरडत नाही,
शेजारीण येते तसं आलं,
उंबऱ्यावर जरा थांबून,
आणि मग बसूनच घेतलं.

मी बाहेर होतो.
गमबूट भरले.
दोन घागरी पायाला बांधल्यासारखे.
पोहायला येतं मला, घटप्रभेकाठचा पोरगा मी,
पण ते पोहणं उघड्या अंगाचं होतं, चड्डीतलं,
आणि खाली तळ असायचा.
इथं खाली कुणाचं तरी शेत होतं,
फार खोल, बांधासकट.

ट्यूब वाऱ्याबरोबर निघून गेली,
वळूनही न बघता.

"बूट बिडु! बिडु!"
इराप्पा उभा नव्हता. गुडघ्यावर होता,
माझ्या उलट्या कडेला, सगळं वजन टाकून.
लुमाण्णाला त्यानं पालथं पाडलं तळाशी,
गळाची दोरी दातानं तोडली,
आणि दुसरी दोरी माझ्याकडं फेकली,
जिचं एक टोक सकाळीच
त्यानं कडीला बांधून ठेवलं होतं.
सकाळी मी हसलो होतो.
गाठ बघून म्हणालो होतो,
काय इराप्पा, म्हैस बांधूलायस काय?

हत्तरगीला चहा घेतला.
कपाखाली बशी वाजत होती,
तिघांचीही.
घरी विचारलं, बूट कुठायत?
म्हटलं, विकले.

आता मी एक नवीन काम शिवतो.
खताच्या पोत्याचं कापड, आत थर्माकोलचे तुकडे,
समोर तीन पट्टे,
आणि एक पट्टा जांघेतून.
त्याला सगळे हसतात.
तो नसेल तर जॅकेट वर तरंगतं
आणि माणूस त्याच्यातून खाली निसटतो,
हे मी टबात वाळूचं पोतं घालून बघितलंय.

"उकडूलंय की हो मास्तर."
"पोहायला येतंय की आम्हाला."
परवा एकजण म्हणाला, त्यापेक्षा
ह्याचंच कुशन करा की, काहिलीत बसायला.
मी काही बोललो नाही.
टेप काढली.

श्वास भरून घे, म्हटलं.
भर अजून. आता सोडू नको.
शिंपी असं कधी सांगत नाही,
त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.
डोळे मोठे झाले, गळ्याची शीर फुगली,
तरी मी टेप धरून थांबलो,
कात्री, गिऱ्हाईक, बाहेर एस्टीचा हॉर्न,
सगळं जरा लांब गेलं.

अडतीस होता तो. चाळीस भरला.
वहीत चाळीस लिहिलं.
रोखलेल्या श्वासाला छाती दोन इंच जास्त लागते.
कापड वाया जातं म्हणतात.
जाऊ दे.