विलंबमाफीचा अर्ज

सोमवारी संध्याकाळी सहाला वर्ग सुरू.
दस्तलेखनाची पदविका, एक वर्षाची,
लॉ कॉलेज रस्त्याच्या आतल्या गल्लीत,
खाली झेरॉक्स, वर चष्म्याचं दुकान, त्याच्यावर आम्ही.
फी घेणारी पोरगी म्हणाली, ‘एलएलबी ना तुमचं?
मग काय, सगळं येतच असेल.’
मी मान हलवली.
खोटी साक्ष.

एकोणीस वर्षं बिबवेवाडीत, गॅस एजन्सीच्या खिडकीमागे.
ग्राहक क्रमांक अजून तोंडपाठ:
कुदळ्यांचा एकदम शेवटचा, दोन शून्यांचा,
परदेशींच्या दोन टाक्या, एक कायम थकलेली.
कलमं मात्र एकेक करून निघून गेली,
नोटीस न देता,
किल्ली शेजारी ठेवून भाडेकरू जावा तशी.

काल माळ्यावरून वही काढली.
माझंच अक्षर, निळं, टोकदार, घाईचं.
‘कायद्याने बजावता येणारा करार म्हणजे संविदा.’
समासात: हमखास!
कोण होती ही मुलगी,
इतकी खात्री असलेली?

अप्पा बळवंत चौकात जुनं दंड संहितेचं पुस्तक मागितलं.
गडद्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
‘बाई, ते गेलं रद्दीत. चारशेवीस आता तीनशे अठरा.’
‘आणि खून?’
शेजारचा मुलगा पावती धरून तसाच थांबला.
‘तीनशे दोनचा एकशे तीन,’ गडदे म्हणाले, ‘स्वस्त झाला.’
दहा टक्के सूट मागितली, आठ मिळाली,
पिशवी मिळाली नाही.

म्हणजे मी जे विसरले
ते ज्यांना पाठ होतं, त्यांनाही विसरायला लागलं.
शिवाजीनगरला कोर्टाच्या पायऱ्यांवर
पांढऱ्या केसांचे वकील
जुना आकडा उच्चारतात, जीभ चावतात, नवा शोधतात.
हे ऐकून मला फार बरं वाटलं.
चांगली गोष्ट नाही, पण नोंद करून ठेवते.

मुदतीच्या कायद्यात कलम पाच अजून आहे तिथेच.
उशीर झाला? पुरेसं कारण दाखवा.
आमचे सर सांगायचे, दिवसागणिक हिशोब द्या.
तर द्यायला बसले:
सासऱ्यांचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, चार वर्षं.
निनादचा दमा.
एजन्सीचा मालक, जो दर दिवाळीला म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू.
आणि एक शनिवार,
सनदेचा अर्ज भरून तयार, पाकीट चिकटवलेलं,
पोस्ट एक वाजता बंद होणार,
आणि मी साडेबाराला आडवी झाले, जराशी.
हा दिवस कुठल्या रकान्यात लिहायचा?
त्याला कारण नव्हतं.
झोप आली होती.

रात्री निनाद भाजी चिरताना प्रश्न विचारतो,
माझी वही उलटी धरून, उत्तरं झाकून.
‘गहाण किती प्रकारचं?’
‘सहा.’
‘सांग.’
साधं. सशर्त विक्रीचं. कब्जेगहाण. इंग्लिश.
हक्काचे कागद ठेवून केलेलं.
‘सहावं?’
कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
‘आई, सहावं.’
‘थांब रे, तोंडावर आहे.’
तो म्हणाला, वर्गात असं म्हणू नकोस.

पावणेबाराला ओटा पुसताना आलं,
काही न करता, आपणहून:
विसंगत.
जे या पाचांपैकी कशातच बसत नाही, ते.
निनादला उठवायला गेले, मग नाही उठवलं.
गॅसबुकिंगच्या जुन्या पावतीमागे
पेन्सिलीने सहाही लिहून काढले,
सहाव्याखाली दोन रेघा.
शेवटी हमखास लिहिणार होते.
लिहिलं नाही.
उद्या सोमवार.