बिघाडाचं कारण

रजिस्टरात एक रकाना असतो, बिघाडाचं कारण.
मी लिहितो: पक्षी.
कोणता, कशापायी, तेवढी जागा नसते.

मे महिना. नळ स्टॉपच्या मागची गल्ली,
दोनशे दहा घरं अंधारात, माझा फोन तापलेला,
आणि डीपीच्या आडव्या अँगलवर कावळीचा संसार.
गुलमोहर रस्तारुंदीत गेला. बुंधा उरलाय,
त्यावर चहावाला बरण्या मांडतो.
काड्या आणणार कुठून?
तिनं मेट्रोच्या स्लॅबखालची बाइंडिंग वायर आणलेली,
इस्त्रीवाल्याचे हँगर, चष्म्याची एक दांडी,
कुणाचे तरी इअरफोन, भांडी घासायची तारेची गुंडी.
एकात एक अशी गुंतवलेली की पक्कड लावूनही सुटेना.
अठ्ठावीस वर्षं तारा ओढतोय मी,
असा पीळ मला जमला नसता.
आत मात्र मऊ: पायपुसण्याचा काथ्या
आणि वडाभोवती गुंडाळलेलं गेल्या वर्षीचं सूत,
सात जन्मांचं, जरा मळलेलं.
त्यावर चार अंडी. एक किंचित लहान, कोकिळेचं,
तिला ठाऊक नसलेलं.

अंडी टोपलीत घालून शेजारच्या अशोकाला बांधली.
संध्याकाळी टोपली रिकामी.
मांजर की काय, मी विचारलं नाही.
घरटं भरलं पावणेतीन किलो.
भंगारवाल्यानं सत्तर रुपये दिले,
मी आणि इलाहीनं त्याचे वडापाव खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या मागावर.
पिवळं हेल्मेट जाऊन निळं आलं,
रविवार, गणवेश नाही, पिशवीत मेथीची जुडी,
तरी म्हात्रे पुलापर्यंत डोक्यावरून झेपा.
शंभर डोकी गर्दीत, टोच माझ्याच.
चौथ्या मजल्यावरची एक मुलगी, वहीत पाखरं टिपणारी,
म्हणाली, काका, ते चेहरा विसरत नाहीत.
पोरांनाही दाखवून ठेवतात.

आबा हसले होते तेव्हा.
गावी ते घरट्यावरून पाऊस सांगायचे:
आंब्यावर बांधलं तर बरा, बाभळीवर बांधलं तर कोरडा.
आणि डीपीवर बांधलं तर?
"मग लाईट जाणार."

त्यांचा दहावा ओंकारेश्वराच्या घाटावर.
मुठेला पाणी बेताचं, काळं, फेसाळ,
त्यात गुलाबी पायांच्या शेकाट्या किडे टिपत हिंडत होत्या,
नदी ठीकच असल्यासारख्या.
माझं डोकं भादरलेलं, अंगावर पंचा.
म्हटलं, आता तरी कोण ओळखतंय.
बाजूच्यांचे पिंड पटापट शिवले जात होते,
माझ्यापुढचा भात निवत गेला.
तारेवर अकरा कावळे. तारही आमच्याच खात्याची.
चुलते म्हणाले, काहीतरी राहिलंय त्याच्या मनात, बोल.
आईला बघेन म्हण. म्हटलं.
धाकट्याशी बोलणं सोडणार नाही म्हण. म्हटलं.
वरच्या पट्टीचं रान विकणार नाही म्हण. तेही म्हटलं.
अकराही माना तिरक्या, माझ्याकडे.
आबांचं काही राहिलं नव्हतं.
हे चुलत्यांना कसं सांगायचं?

एक वाजला. गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या घेतल्या,
गाठ मारली, कावळा केला, पिंडाला टेकवला.
त्यांच्या मांडीजवळ अख्खी जुडी पडलेली, कोरडी, सुरेख.
मी तिच्याकडे बघत राहिलो.
गवत आहे म्हणजे, या शहरात.
मूठभर.
कावळा करण्यापुरतं.

या मे महिन्यात पुन्हा तोच डीपी, तोच अँगल.
तक्रार आली नव्हती, मीच बघून आलो.
वीस मिनिटं लाईन बंद घेतली,
घरट्याखालून हात लांबवून
उघड्या तारांवर रबरी नळ्या चढवल्या.
इलाही खालून ओरडतोय, मामा, उतरवा ना सरळ, सत्तर रुपये!
वर हेल्मेटवर टक्, टक्, टक्.
ती, की तिची लेक,
मला कुठं चेहरे ओळखू येतात.

लाईन बंद का, ते लिहावं लागतं.
मी लिहिलं: देखभाल.
डाव्या कानामागं अजून चुणचुणतंय.