तान्ह्या पोळ्याचा अंक

वाचकहो,
पोळ्याच्या शुभेच्छा, मोठ्याही आणि तान्ह्याही.
अंक उशिरा येऊन राहिला, मान्य.
राखीला देईन म्हटलं होतं.
पण खापेकरांच्या झेरॉक्स मशीनमधला टोनर
काळी मारबत छापता छापताच संपला.
पहिल्या दीडशे प्रतींत ती काळीकुट्ट,
पुढच्या चाळिसांत राखेच्या रंगाची,
शेवटच्या अकरांत नुसतीच रेघ,
जणू मिरवून, जाळून परत आणली.
ज्यांना तशी मिळेल त्यांनी घरीच भरावी.
शिसपेन्सिलीने. स्केचपेन मागच्या पानावर उमटतो.

पिवळी मी हाताने रंगवली,
दोनशे एक वेळा.
आईने दारात थांबून माझी बोटं पाहिली :
‘काहून वो, हळद कोणाची आहे?’

आता मागच्या वर्षीबद्दल.
पान सात, तिसरी चौकट.
भुऱ्या उतारावरून घरंगळत येतो
आणि त्याला तीनच चाकं.
काही अर्थबिर्थ नव्हता त्यात.
रात्रीचे दोन वाजले होते, लाइट गेली होती,
मी काढायलाच विसरले.
कोणाच्या लक्षात आलं नाही, असं समजून
चार महिने सुखात होते.
मग जानेवारीत एक पोस्टकार्ड :
‘ताई, भुऱ्याचं चाक तिसऱ्या चौकटीत नाही
आणि चौथ्या चौकटीत आहे.
मधल्या पांढऱ्या पट्टीत पडलं होतं का?’
खाली सही : पूर्वजा सोनकुसरे, चौथी ब.

अकरा वर्षं मी ती पट्टी
फूटपट्टीने मोजून सोडते आहे.
पाच मिलिमीटर.
तिच्यात काही असेल असं मनातही आलं नाही.
आणि मी कोणाच्या घरची?
बाबा धागा तुटला की माग थांबवायचे,
वाकून, ओल्या चिमटीत दोन टोकं धरून सांधायचे,
मग पुन्हा खटखट सुरू.
लुगडं विकत घेणारीला
ते थांबणं कधीच दिसलं नाही.
मला रोज ऐकू यायचं.

तर नवा अंक त्या पट्टीत घडतो.
भुऱ्या चाक शोधायला चौकटीतून खाली उतरतो,
आणि तिथे काय नाही!
मी आळसाने न काढलेला जिना,
पान चारवरच्या म्हातारीचं कापलेलं वाक्य
(फुग्यात मावत नव्हतं, तिचा राग अजून आहे),
एकदाची हरवलेली मांजर,
आणि खोडरबराने पुसलेला एक माणूस.
कोण ते सांगणार नाही.
तिथे बरा दिसतो तो, अंगावर थोडा भरलाय.
भुऱ्याला त्यानेच रस्ता दाखवला.

शेवट सांगत नाही.
बत्तीस पानं, वीस रुपये,
लाकडी बैल घेऊन दारी येणाऱ्याला फुकट.
पूर्वजाची प्रत वेगळी ठेवली आहे.
तिच्यातली मारबत पूर्ण काळी आहे, तपासून घेतलंय.

तुमची,
लतिका हेडाऊ

ता. क.
हे उरलेल्या प्रतींवर हाताने लिहून राहिले.
आज सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं :
धोतर सुटायच्या बेतात, काजळाची मिशी,
दोरीला बैल, बैलाच्या गळ्यात घुंगरं.
मी अंक पुढे केला.
त्याने उलटसुलट पाहिला, म्हणाला,
‘काकू, बोजारा द्या ना. पुस्तक शाळेत असते.’
मी दहा रुपयेही दिले.

आमच्या दारासमोर उतार आहे.
तो नोट खिशात कोंबायला थांबला
तर बैल निघाला एकटाच, नालीच्या दिशेने.
पोराने धावत जाऊन अंकाची घडी केली
आणि चाकाखाली अडकवली.
बैल थांबला.

मग तो तिथेच उकिडवा बसला,
मान वाकडी करून,
चाकाखालून बाहेर राहिलेलं
अर्धं पान वाचत.